चंद्रशेखरांची पावलं

चंद्रशेखर अकरा वर्षं दर रविवारी चांगी बीचवर जात आणि बाकापासून गवत संपतं तिथपर्यंतची पावलं मोजून वहीत लिहीत.

"अहो, समुद्र काय पळून जाणार आहे?" बायको मीनल चिडवायची.

लेक वल्लरी त्याच किनाऱ्याच्या झिजेवर पीएचडी करत होती. जुनी मोजमापं मिळेनात, म्हणून प्रबंध अडला. चंद्रशेखरांनी वह्या पुढे केल्या.

"बाबा, पावलं म्हणजे टेप नाही, लाह!" तिथल्या बोलीतलं शेपूट जोडत वल्लरी म्हणाली.

"मग टेप आण."

बीचवर त्यांनी शंभर पावलं टाकली, तीही दहा वेळा. टेपवर वीतभरही फरक पडेना. वल्लरीने वह्या छातीशी धरल्या.

प्रबंधात आता वह्यांतल्या मोजमापांच्या तक्त्याखाली निरीक्षक म्हणून चंद्रशेखरांचं नाव आहे. मीनल पाहुण्यांना आधी ते पान दाखवते, मग चहा.