ठुशीचा दोरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोचा गळा सुजतोय हे तिच्याआधी मला कळलं होतं, आणि दोन वर्षं मी गप्प बसलो.

तिची ठुशी गळ्याला आवळायला लागली म्हणून मागचा दोरा वाढवून आणायला ती मला गुजरीत, सराफांच्या पेठेत, दागिने गाठणाऱ्या पटवेकऱ्याकडं पाठवायची. ऑफिसातून येताना माझी वाटच ती. दुसऱ्या खेपेला पटवेकऱ्यानं दोरा बोटांवर धरून माझ्याकडं बघितलं.

"पावणं, वर्षात दुसऱ्यांदा वाढवतोय. ठुशी आखडत न्हाय, गळा वाढलाय. वैनींना डॉक्टरला दावा की."

"व्हय, दावतो," म्हणालो.

घरी आलो तर भर चैत्रात ती स्वेटर घालून भाकरी थापत होती. ठुशी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "आता जरा वजन कमी कर. किती वेळा दोरा वाढवायचा?"

ती हसली. "अहो, खातेय कुठं मी? नुसती झोप येतीय."

खरंच होतं ते. जेवण निम्म्यावर आलेलं, अंग मात्र वाढत होतं. कंगव्यात केसांचे पुंजके. दूध गॅसवर ठेवून विसरायची. आवाज घोगरा झालेला. मी म्हणायचो आळस, वय, सर्दी. पटवेकऱ्याचं बोलणं आठवायचं, नाही असं नाही. पण दवाखाना म्हणजे रजा, तपासण्या, रांगा. मला कंटाळा आला होता, एवढंच. याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही.

घास अडकायला लागला तेव्हा गेलो. थायरॉइडची गाठ श्वासनलिकेला दाबत होती. काढावी लागणार होती.

"इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

"माझंच दुर्लक्ष झालं, बाई," ती म्हणाली.

ऑपरेशननंतर तिचा आवाज पुरता परतला नाही. पूर्वी गच्चीवरनं हाक मारली की कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर मला ऐकू यायची. आता टाळी वाजवते. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी मी तिच्या हातावर ठेवतो. "किती करतात गं माझं," ती फोनवर बहिणीला त्या फाटक्या आवाजात सांगते, "मीच मेलीनं अंगावर काढलं." मी शेजारच्याच खोलीत असतो.

पटवेकरी काय म्हणाला होता, ते तिला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.