अंथरूण पाहून

प्रयोगशाळेत तिला सगळे काकू म्हणत. वयामुळे नव्हे, कुणी विचारलं नसताना सल्ला द्यायच्या सवयीमुळे. फुप्फुसाच्या पेशी वाढवणं हे तिचं काम, आणि त्या पेशींवर ती पोटच्या पोरांसारखी डाफरायची. पेशींना टेकायला बशीत जेलचा थर लागतो. तो ओतायची तिची मैत्रीण, म्हणून तिचं नाव पडलं अंथरूणवाली. दोघी एका डब्यात जेवायच्या.

"आपल्या पेशी तरी शहाण्या," काकू म्हणायची. "अंथरूण पाहून पाय पसरतात."

थट्टा असली तरी शंभर टक्के खरी. शरीरातही पेशींच्या भोवती असंच एक जाळं असतं. ते मऊ असलं की पेशी गोल, शांत राहतात. ते कडक झालं की त्याच पेशी हातपाय ताणतात, चिवट धागे विणत सुटतात आणि फुप्फुस आणखी आवळत जातं.

काकूच्या नवऱ्याचं तेच झालं होतं. उभा जन्म दगडी फरश्या घासून गुळगुळीत करण्यात, त्या दगडाच्या धुळीत गेलेला माणूस आता जिना चढताना भिंत धरायचा. डॉक्टर म्हणत होते, फुप्फुस बदलून घ्या. पण प्रयोगशाळेत एका नव्या औषधाची चाचणी चालली होती, आणि औषध घातलेल्या बशांत पेशी कडक थरावरही गप्प बसलेल्या काकूने स्वतः पाहिल्या होत्या. "चिरफाड कशाला? थांबू या," ती घरी म्हणाली. तिच्या शब्दावर नवऱ्याने शस्त्रक्रियेला नकार कळवला.

एका दुपारी त्या चाचणीच्या जुन्या बशा टाकून देताना एक हातात कलंडली आणि आतला थर थुलथुलला. कडक थर असा हलत नाही. काकूने सुईने टोचून पाहिलं, मग दुसरी बशी, मग सगळ्याच. औषधाच्या बशांत मऊ अंथरूण, बिनऔषधाच्या बशांत कडक. पेशी औषधाने शांत झाल्याच नव्हत्या, मऊ अंथरुणाने झाल्या होत्या.

अंथरूणवाली शेजारीच हात धूत होती.

"चुकून झालं ना गं?" काकूने विचारलं. तिला फक्त 'हो' ऐकायचं होतं.

मैत्रिणीने नळ बंद केला. "पहिल्या खेपेला औषधाने काहीच फरक पडला नाही, तेव्हा तुझं तोंड बघवेना. तुझ्यासाठी केलं गं."

केसाने गळा कापणं काकू आजवर नुसतं ऐकून होती. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला, सगळं सांगितलं.

"म्हणते, माझ्यासाठी केलं."

पलीकडून आधी नुसतीच धाप ऐकू आली.

"बरं," तो म्हणाला. "आणि माझ्यासाठी काय केलं, विचार तिला."

काकूने फोन अंथरूणवालीच्या ओल्या हातात दिला.

"विचारतायत, त्यांच्यासाठी काय केलंस. मी नाही सांगणार," काकू म्हणाली. "तूच सांग त्यांना."