सातव्या कलमाच्या वेळी

तिला सगळे कलमताई म्हणायचे, आणि ते निव्वळ कौतुकानं नव्हे. विद्यापीठातल्या शिक्षक संघटनेच्या मागणीपत्रातलं कुठलंही कलम विचारा, बाई न बघता घडाघडा म्हणून दाखवायची. स्वल्पविराम चुकला तर समोरच्याची धडगत नाही! चहाच्या टपरीवर ती दिसली की लोक हळूच म्हणायचे, ‘चला, आली, आता नियम ऐका.’

ती संख्याशास्त्र शिकवायची. अठरा वर्षं, आणि अठराही वर्षं कंत्राटावर. दर वर्षअखेरीला नेमणूक संपायची, मग नवं पत्र येईपर्यंत जीव टांगणीला. विभागात तिला स्वतःची खुर्ची नव्हती. जी रिकामी दिसेल तिच्यावर बसायचं आणि खुर्चीचा मालक आला की ‘बसा, बसा, मी निघालेच होते’ म्हणत उठायचं. आता काय बोलावं? अठरा वर्षं ही बाई आपली निघालेलीच! खडू, डस्टर, डबा, मुलांच्या वह्या, सगळं खांद्यावरच्या पिशवीत. दुसऱ्याच्या टेबलावर आपलं काही ठेवून जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली.

घरीही एकटीच. टेबलाशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कायम उत्तरपत्रिका. रविवारी मोठ्या बहिणीचा फोन यायचा आणि ‘झालीस का गं कायम?’ असं विचारल्याशिवाय ती फोन ठेवायची नाही.

म्हणून खरं सांगायचं तर मागणीपत्रासाठी संघटनेनं केलेल्या संपाचे दिवस तिला फार आवडले. फाटकाशी सतरंजी अंथरलेली, घोषणा देऊन सगळ्यांचे घसे बसलेले, आणि ती आली की कंत्राटी शिक्षकांपैकी कुणीतरी सरकून म्हणायचं, ‘ताई, इकडे या, जागा धरलीय.’ जागा धरलीय! हे शब्द तिच्यासाठी कुणी उच्चारून किती वर्षं झाली होती, देव जाणे. संप लवकर मिटू नये असं तिला एकदा वाटलं, आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

तिचं सगळं अडकलं होतं सातव्या कलमात. दहा वर्षं सलग शिकवणाऱ्या कंत्राटी शिक्षकांना कायम करा, एवढंच ते कलम. विद्यापीठाशी करार तीन वर्षांतून एकदा व्हायचा. पुढच्या कराराला तिचं निवृत्तीचं वय उलटून गेलेलं असणार होतं. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

आणि नेमका तिचाच नियम आडवा आला. मागच्या करारात एका महाशयांनी स्वतःच्या बढतीसाठी इतकी घासाघीस केली की बाकीच्यांच्या मागण्या लोंबकळत राहिल्या. तेव्हा तिनंच लिहून दिलं होतं, की बैठकीतल्या एकाच सभासदाच्या फायद्याचं कलम चर्चेला आलं तर त्यानं बाहेर बसायचं, आणि कलम निकाली निघेपर्यंत त्याच्याशी कुणी एक शब्द बोलायचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. या खेपेला बोलणी करणाऱ्या पाच जणांत कंत्राटी ती एकटीच.

संपाच्या अकराव्या दिवशी कुलसचिवांच्या खोलीत सहा कलमं पार पडली. संघटनेच्या अध्यक्षांनी पान उलटलं आणि तिच्याकडे बघितलं. ती उठली. उठताना समोरची फाइल बगलेत मारली, पिशवी खांद्याला लावली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

आत आवाज चढले, उतरले. मग दार उघडून पाचांपैकीच एक, रसायनशास्त्राचे सर, बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आता हा भला माणूस धीर देणार आणि नियम मोडणार, असं तिला वाटलं. तिनं झटकन ओठांवर बोट ठेवलं. सर घुटमळले, उगाच घोटभर पाणी प्यायले आणि आत गेले.

पाऊण तासानं तिला बोलावलं. नऊपैकी आठ कलमांवर सह्या झाल्या होत्या, संप मिटला होता.

“आणि सात?” तिनं विचारलं.

अध्यक्ष चष्मा पुसत राहिले. “कुलसचिव म्हणाले, असे शिक्षक किती आहेत ते नेमकं सांगा, आत्ता लिहून देतो. मी म्हटलं, साधारण चाळीसेक. तर म्हणतात, ‘साधारण’ला कायम कसं करू?”

“एक्केचाळीस,” ती म्हणाली. फाइलमध्ये चौथ्या पानावर यादी होती. तिनंच केलेली. शेवटचं नाव तिचं.

“सरांना तेच विचारायला पाठवलं होतं. पण तुम्ही...” अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “अहो, नियम तुमचाच ना. अडून बसलो असतो तर बाकीची आठही गेली असती. पुढच्या कराराआधी अहवाल द्यायला समिती नेमलीय. तुम्हालाच घेऊ समितीवर.”

“मला कसं घेता येईल?” ती म्हणाली.

बैठकीची टिपणं लिहायचं काम तिच्याकडेच होतं, तेव्हा तिनं तिथेच लिहिलं : ‘कलम सात. नेमका आकडा न मिळाल्यानं समितीकडे.’ थोडं थांबून तिनं पुढे जोडलं, ‘आकडा बाहेरच्या बाकावर होता.’

“हे कशाला?” अध्यक्ष म्हणाले.

“झालं ते लिहायचं असतं.”

त्यांनी मुकाट्यानं सही केली.

फाटकाशी पंधरा-वीस कंत्राटी शिक्षक थांबले होते. सतरंजीवर तिची जागा धरून ठेवलेली, वर कुणाची तरी पाण्याची बाटली ठेवून. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं टिपण वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट.

“बाकावर कोण होतं?” प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या तरुण बाईनं विचारलं.

“मी.”

“आणि सर बाहेर आले तेव्हा?”

“मी त्यांना गप्प केलं.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण कुणी तेवढंही केलं नाही. एकेक जण उठला, चपला शोधू लागला. त्या बाईनं बाटली उचलली.

“ताई, नुसता आकडा सांगायचा होता हो,” ती म्हणाली, आणि सतरंजी गुंडाळायला लागली.

सतरंजीचं एक टोक कलमताईच्या पायाखाली होतं. “थांब, थांब,” ती घाईनं बाजूला होत म्हणाली, “मी निघालेच होते.”