रविवारची ताजी चिठ्ठी

पाणी पिण्याआधी ती तांब्यावर आडवा तळहात धरायची. रडतं मूल थोपटावं तसा दोनदा हलकेच हलवायची आणि पुटपुटायची, "गप ऱ्हा बाबा, गप." मग प्यायची. घरात, गिरणीच्या फाटकाशी, देवळाच्या ओसरीवर, कुठेही.

आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो. नवा माणूस तिचं ते थोपटणं पाहून बिचकायचा. कुणी विचारलंच तर ती सांगायची, "येशूनं तारवात उभं ऱ्हाऊन दर्याला गप केलं की. मला तारू कुटलं? माज्यापाशी तांब्या हाय."

तुम्ही म्हणाल, सोलापुरात दर्या कुठून आला? आम्हीही तेच म्हणायचो, आणि हसायचो. त्या हसण्यातूनच पुढचं सगळं झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, बायकोला नाही. आता पंचेचाळिशी उलटली, सांगून टाकतो.

ती गिरणीत रिळावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, कामाला होती. मोठ्या दुष्काळात करमाळ्याकडच्या एका वस्तीवरून मिशनच्या बैलगाडीत बसून आलेली पोर. आई, बाप, दोघे भाऊ खडी फोडायच्या दुष्काळी कामावर एकामागून एक दगावले. पुढे मिशननेच तिचं लग्न लावून दिलं, नवराही लवकर गेला. राहिला एक मुलगा. तो गिरणीच्या बॉयलरवर होता. तिथून एका मुकादमाच्या नादाने मुंबईला गेला आणि बोटीवर आगवाला म्हणून लागला. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा लोटणारा.

"आग काय हितं न्हवती व्हय?" ती म्हणायची. "ती जाळायला पाण्यावर कशापायी गेला? पाण्यावाचून माजी समदी मेली मास्तर, आन् ह्यो पाण्यावर जाऊन बसला." आणि हसायची. दात जरा पुढे होते, त्यामुळे हसली की हात आपोआप तोंडावर जायचा.

एकदा तिने विचारलं, "मास्तर, दर्या केवढा असतोय? हिप्परग्याच्या तळ्याएवढा?"

"त्याच्या कितीतरी पट, मावशी."

"म्हंजी हितनं करमाळ्यापतोर?"

"त्याहून मोठा."

मी समुद्र पाहिलेला नव्हता. पण मास्तराने माहीत नाही म्हणायचं नसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मी मिशनच्या शाळेत शिकवायचो आणि रविवारच्या उपासनेत विनंत्या वाचायचो. आमच्या मंडळीची रीत अशी की, ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी त्याने शनिवारी चिठ्ठी आणून द्यायची. रविवारी मी ती उभा राहून वाचायचो आणि सगळं देऊळ एका आवाजात म्हणायचं, "प्रभो, ऐक." तिला लिहिता येत नव्हतं. दर शनिवारी गिरणी सुटली की अंगावर कापसाची पिसं घेऊन ती माझ्या दारात उभी राहायची. मजकूर दर आठवड्याला तोच. मी एकदा म्हणालो, "मावशी, मागची चिठ्ठी आहे की माझ्याकडे. तीच वाचतो."

"परवाची भाकर पावण्याला वाडता व्हय?" ती म्हणाली. "देवाला शिळी चिठ्ठी द्याची? ताजी लिवा. आन् मी म्हणते तशीच लिवा, तुमचं शाळंतलं नगं."

मग मी तसंच लिहायचो. "देवा, माज्या लेकराला आन् दर्यावर हायती त्या समद्यांना सांभाळ. त्यांची जात इचारू नगंस."

रविवारी ती बायकांच्या बाजूला, खांबाजवळ बसायची. मी तिची चिठ्ठी वाचली की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. सगळ्यांचं "आमेन" होऊन गेल्यावर तिचं एकटीचं "आमेन" यायचं, गाडी चुकलेल्या माणसासारखं धावत. शिंपीकाम करणारे आमचे एक पंच होते. ते बाहेर पडताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मास्तर, सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या म्हशींसाठीबी एक चिठ्ठी वाचा की. त्याबी पाण्यातच हायती."

मीही हसायचो. पण आतून लाज वाटायची. तिची नाही, माझी. तिचे ते "नगंस" आणि "हायती" माझ्या तोंडून निघतात याची.

पहिल्या पिकाचा सण आला. ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, ज्याला जे जमेल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात. त्या वर्षी पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. मला पुढच्या शिक्षणासाठी पाठवायचं की नाही, हे त्यांच्या हातात होतं. शनिवारी ती नेहमीप्रमाणे आली, घाईत होती. शेजारच्या तेलुगू विणकराची बायको अडली होती.

"उद्या माजं येणं व्हतंय का न्हाय, देव जाणे," ती म्हणाली. "तुमी वाचा म्हंजी झालं."

सणाच्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं. खांबाजवळची जागा रिकामी होती. मी एकेक चिठ्ठी स्वच्छ, शुद्ध आवाजात वाचत गेलो. पाहुणे डोळे मिटून मान हलवत होते. मग तिची चिठ्ठी हाताशी आली. मी मागच्या बाकांकडे पाहिलं. ते पंच आधीच मिशी चावत बसले होते. मी चिठ्ठी गायनपुस्तकात सारली आणि पुढची घेतली.

पुढच्या रविवारी वाचू, असं मनात म्हणालो. एवढंच झालं. याहून काही मोठं केलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

सोमवारी सकाळी ती शाळेच्या आवारात आली. रात्रभर जागलेली, पण चेहरा खुललेला. "मुलगी झाली, दोगीबी खुशाल हायती. काल वाचली न्हवं?"

"वाचली."

"समदे म्हणले?"

"म्हणाले, मावशी."

"माजं आमेनच ऱ्हायलं की मग." आणि तिने तिथेच, घंटेच्या खांबापाशी, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आमेन." पोरं पाटीपुस्तक घेऊन आजूबाजूने पळत होती. जी प्रार्थना कुणी केलीच नव्हती तिला ती आमेन म्हणाली, आणि मी हात जोडून उभा होतो.

पुढे महिन्याभराने आगबोट कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. पाळकसाहेब मंगळवेढ्याच्या बाजूला दौऱ्यावर होते, म्हणून मी फोडलं. वादळात बोट बुडाली होती. वरचे काही लोक वाचले. खाली भट्टीपाशी असलेल्यांपैकी कुणीच वर येऊ शकलं नव्हतं. दिवस लिहिला होता. मी तीन वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिला.

तिच्या दारात जाऊन मी सांगितलं. ती रडली नाही. विचारलं, "कवा?"

"सणाच्या रविवारी. सकाळी."

"म्हंजी देवळात आपली घंटा झाली तवा." ती उंबऱ्यावर बसली. मग मान वर केली. "मास्तर, त्या दिशी चिठ्ठी वाचली व्हती न्हवं?"

ती मला दोष देत नव्हती. तिच्या मनात तसलं काही नव्हतंच. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं ते विचारणं होतं.

"वाचली होती, मावशी."

त्या घटकेला मी खरं बोललो असतो, तर तिने मला शिव्या दिल्या असत्या. सगळ्या मंडळीपुढे माझं नाव काढलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. पण तिचा देव तिच्यापाशी राहिला असता. मास्तराने मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, असं ती म्हणू शकली असती. मी माझी कातडी वाचवली आणि तिचं सगळं गाऱ्हाणं देवावर ढकलून दिलं.

ती देवळात यायची बंद झाली. पाळकसाहेब समजवायला गेले, मला बरोबर घेऊन. ती आदराने उठून उभी राहिली, घोंगडी अंथरली, आणि म्हणाली, "सायेब, देवाला आयकू येत न्हाय असं मी म्हणत न्हाय. देऊळ भरून माणसं एका तोंडानं म्हणली, तवा त्यानं आयकलंच आसंल. आयकून त्यो गप बसला. एवढ्या लोकांचं न्हाय आयकलं, तर माज्या एकटीचं काय आयकणार?"

पाळकसाहेब सगळं गमावूनही देवाला धरून राहिलेल्या ईयोबाबद्दल काही बोलले. मी घोंगडीचे दोरे उपटत बसलो.

आम्ही निघालो तेव्हा तिने स्वतःसाठी तांब्या उचलला आणि सरळ तोंडाला लावला. तळहात आला नाही. घटाघटा प्यायली, उन्हातून आलेलं जनावर पितं तशी. ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मला पुण्याला पाठवलं गेलं नाही. ती शिक्षा आहे असं मानून मी काही दिवस समाधान करून घेतलं. पण ती शिक्षा नव्हती, तिथे जागाच नव्हती.

दोन वर्षांनी तिला छातीचं दुखणं लागलं. रिळावरच्या बायकांना होतो तसला खोकला, मग ताप. तिची शुश्रूषा ती विणकराची बायकोच करत होती. एका दुपारी मी ठरवून गेलो. गायनपुस्तकातली ती चिठ्ठी खिशात होती. आज पायांशी ठेवायची आणि काय ते बोलायचं, असं घोकत गेलो. शेजारीण मला बसवून कामाला बाहेर गेली.

ती भिंतीला टेकून होती. हातांच्या काड्या झालेल्या. मला पाहून तिने तोंडावर हात नेला, म्हणजे हसली असावी.

"मावशी," मी म्हणालो, "त्या चिठ्ठीबद्दल..."

"व्हय," ती म्हणाली. तिला वाटलं, मला त्या चिठ्ठीची आठवण झाली. "लई दिस मी देवावर रुसले, मास्तर. आता रुसायलाबी जीव न्हाय. पर एक हाय. त्यो खाली आगीपाशी एकटा बुडला, तवा हितं कुणीतरी त्याचं नाव घेत व्हतं. तुमी घेतलंसा. तेवढंच माज्यापाशी ऱ्हायलंय." मग धाप लागली. ती ओसरल्यावर तिने विचारलं, "घेतलं व्हतंसा न्हवं?"

दोन वर्षांपूर्वी जे खरं बोलणं तिला वाचवू शकलं असतं, तेच आता तिच्या हातातलं शेवटचं काढून घेणार होतं. खरं बोलायलाही एक वेळ असते, ती मी घालवली होती. खिशातल्या चिठ्ठीवर माझा हात होता.

"घेतलं होतं," मी म्हणालो.

येशूच्या शिष्याने, पेत्राने, त्याला तिसऱ्यांदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. आमच्याकडे गिरणीचा दुपारचा भोंगा झाला.

"पाणी," ती म्हणाली.

मी मडक्यातून तांब्या भरला आणि तिच्या तोंडापाशी धरला. माझा हात इतका कापत होता की पाणी काठावरून हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडायला लागलं. तिने ते पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. आणि तो काटकीसारखा हात उचलून तिने तळवा तांब्यावर आडवा धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"गप ऱ्हा बाबा," ती म्हणाली. "गप."

पाण्याला म्हणाली की मला, ते मला आजही सांगता येत नाही. ती प्यायली नाही. मी तांब्या तसाच भरलेला मडक्यावर परत ठेवला.