मागून घेतलेला फोटो

आमच्या अण्णांनी उभ्या आयुष्यात एकही फोटो काढला नाही. चाळीस वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडले, पण 'काढला' हा शब्द त्यांना चालायचा नाही. "काढायला त्यो काय पायातला काटा हाय? फोटू मागायचा असतो," म्हणायचे. समोरचा 'घ्या' म्हणाला तर घ्यायचा, नाही म्हणाला तर राम राम करून पुढं जायचं.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, तेरला जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांचा कॅमेरा जुना, पेटीसारखा, पुढं दोन भिंगं असलेला. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून आत बघायचं. "ह्यो कॅमेरा माणसाला आधी वाकायला लावतो," असं मोठ्या कौतुकानं सांगत. त्यामुळं बायकाही लाजायच्या नाहीत. हा बाबा आपल्याकडं बघतच नाही, पेटीत काहीतरी शोधतोय, असं त्यांना वाटे. एका रोलमध्ये फोटो बाराच. "तेरावा देव बी देत न्हाय." म्हणून एखादा बैल डोळे मिटून रवंथ करत असला, तर तो डोळे उघडेपर्यंत अण्णा उन्हात उभे. घरी जेवायला आम्ही खोळंबलेलो असायचो, त्याचं काही नाही.

तेरसारख्या जुन्या गावात राहून त्यांनी देवळाचा एक फोटो घेतला नाही. "देऊळ कुठं पळून चाललंय?" त्यांना हवी असत जनावरं आणि त्यांची माणसं. पुण्याहून फोटोग्राफीचं एक मासिक पोस्टानं यायचं. त्यातल्या नावाजलेल्या लोकांच्या फोटोंखाली अण्णा पेन्सिलीनं शेरे मारत. 'ऊन जास्त.' 'म्हैस रागावलेली दिसते, विचारलं नसावं.' दरवर्षी ते आपले फोटो त्या मासिकाला पाठवत आणि दरवर्षी ते साभार परत येत. एकदा तरी आपला फोटो तिथं छापून यावा, एवढी एकच हाव त्या माणसाला होती.

मग पारूबाईंचा फोटो झाला. पारूबाई म्हणजे तेरजवळच्या वस्तीवरची, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली सून. तिची शेळी अडली होती. अण्णांनी मोकळी केली, दोन्ही करडं जगली. ती दोन्ही ओली करडं मांडीवर घेऊन ही बाई हसायला लागली. अण्णांनी हात धुतले आणि विचारलं, "पारूबाई, एक फोटू मागू का?"

"घ्या की," ती म्हणाली, आणि हसतच राहिली.

त्या वर्षी मासिकाचं पत्र आलं. फोटो थेट मुखपृष्ठावर येणार होता. मी तेव्हा धाराशिवला कॉलेजात होते. अख्ख्या होस्टेलला सांगून मोकळी झाले. अण्णांचे पाय जमिनीला लागेनात. दुसऱ्या दिवशी फोटोची घरातली प्रत घेऊन ते आनंदाची बातमी द्यायला वस्तीवर गेले. फोटो बघून पारूबाई आधी हसली, मग तिचा हात डोक्यावरच्या पदराकडं गेला.

"अण्णा, माझ्या डोक्यावर पदर न्हाय हितं." हसण्याच्या भरात तो खांद्यावर घसरला होता. "सासऱ्यापुढं म्या उघड्या डोक्यानं कधी उभी ऱ्हायले न्हाय. छापू नगा."

अण्णांना चूक कळली. त्यांनी फोटो मागितला होता, छापायचं विचारलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी कार्ड लिहिलं, की फोटो छापू नये.

सुट्टीला घरी आल्यावर हे कळलं, तशी मी नुसती भडकले. म्हटलं, "तिचा सासरा पुण्याचं मासिक कधी बघणार आहे?"

"त्यो न्हाय बघणार. पण छापलंय ह्ये तिला ठाव असंल. रोज पदर सावरताना आठवंल."

परत आलेला फोटो घरातल्या प्रतीसकट पाकिटात घालून त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवला. मलासुद्धा दाखवला नाही. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, त्याची आज लाज वाटते. त्यानंतर त्यांचा एकही फोटो त्या मासिकानं घेतला नाही आणि पुढं ते मासिकच बंद पडलं. 

अण्णा रिटायर झाले. काचबिंदूनं डोळे गेले, नुसत्या सावल्या दिसायच्या. दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं होते, तेव्हा भुईमुगाच्या शेंगांचं गठुडं घेऊन एक म्हातारी दारात आली. पारूबाई.

"अण्णा, त्यो फोटू हाय का अजून?"

"हाय. कुणी बघितला न्हाय."

"मग आता दावा की. सासरा गेला, थोरला दीर गेला. घरात म्याच मोठी. आता पदर कुणापुढं घिऊ?"

अण्णांनी ट्रंकेत हात घालून चाचपत पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. इतक्या वर्षांनी मी तो फोटो पाहिला. पोरसवदा बाई, मोकळं डोकं, केसांत गवताची काडी, आणि तिचं ते हसू.  पारूबाईनं तो कितीतरी वेळ न्याहाळला. "लई हसतीया की ही," एवढंच म्हणाली.

अण्णांनी मला विचारलं, "करडांचं डोळं उघडं हायेत का गं?"

"चारही उघडे आहेत, अण्णा."

ते समाधानानं मागं टेकले. मी म्हटलं, आता हा कुठंतरी छापूया. तशी म्हाताऱ्यानं हात वर केला. "थांब. तिनं बघायला दिलाय, छापायला न्हाय. विचार तिला."

मी विचारलं.

"व्हय, छापा की," पारूबाई म्हणाली. "पण माझं नाव बी घाला. नुसती बाई म्हणू नगा."

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. छापलेला फोटो त्यांना बघायला मिळाला नाही, ही हळहळ माझ्या मनातून जायची नाही. पण असा माणूस आमच्या घरात होऊन गेला, हे मी ताठ मानेनं सांगते. आता मोबाईल उचलायच्या आधी मीही विचारते, आणि कुणी नाही म्हटलं तर खाली ठेवते.

या लेखासोबत तो फोटो छापायला दिलाय. खाली नाव कुणाचं टाकायचं, असं संपादकांनी विचारलं. दोघांचंही टाका म्हटलं. मागितला, अण्णांनी. दिला, पारूबाईंनी.