लोकरीचं जाळं

बोरीच्या अलीकडच्या एका गावात मी दोन वर्षं बालवाडी चालवली. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, त्याच्या पुढच्याच वर्षाची ही गोष्ट. आमच्या गावात काही झालं नाही, असं सगळे अभिमानानं सांगायचे. मीही सांगायचे.

बालवाडी भरायची एका मोठ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर. तीन-चार वर्षांची चौदा लेकरं, त्यातल्या निम्म्यांच्या नाकाला शेंबूड. खेळणी नव्हती, माझी अक्कल होती, आणि त्या वयात ती मला फारच आहे असं वाटायचं. आढ्याला कोळ्यांची जाळी लटकायची, म्हणून मी कोळ्याचंच गाणं रचलं:

कोळीदादा, कोळीदादा, घर कशाचं बांधलंस?
पोटातल्या दोऱ्यानं कोपऱ्यात सांधलंस!

काळ्या मातीची ओली गोळी करायची आणि तिला खराट्याच्या आठ काड्या खोचायच्या. कुणाचा कोळी पाच पायांचा व्हायचा, कुणाचा तेरा. मग सगळे गोल बसायचे. दोऱ्याचा गुंडा ज्याच्याकडे घरंगळत येईल त्यानं दोरा धरून ठेवायचा आणि गुंडा समोरच्याकडे ढकलायचा. मधोमध जाळं झालं की त्यावर कोळी बसवायचा. तो धपकन खाली पडला की लेकरं लोळून हसायची.

त्या चौदांत एक मुलगी वेशीबाहेरच्या बौद्ध वस्तीतली होती. तिथून आलेली ती पहिलीच. आईनं आठ दिवस विचार करून पाठवली होती. गाणं सगळ्यांच्या आधी तिला पाठ झालं.

ओसरीच्या मालकीणबाईंचा नातूही त्याच गोलात बसायचा. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं. पोरगी येते त्याला आमची ना नाही, म्हणाल्या. पण दोघांच्या हातात एकच दोरा, आणि तोही सुती. माझ्या स्वतःच्या घरी सोवळ्यात लोकरीची धाबळी नेसलेली चालायची, कारण सुताला विटाळ होतो, लोकरीला होत नाही असं मानत. मी लगेच सुचवलं, उद्यापासून लोकर आणते. त्या खूश झाल्या, मला चहा पाजला. साप मेला आणि काठीही मोडली नाही, अशा आनंदात मी परभणीच्या बाजारातून काळ्या लोकरीचा गुंडा आणला. पोरगी गोलात टिकली हे मी माझंच कर्तृत्व समजत होते. आज लाज वाटते, पण तेव्हा खरंच अभिमान वाटला होता.

दोनेक महिन्यांनी लोकर घरी विसरले. मालकीणबाई शेतात गेलेल्या, मग काय बिघडतंय म्हणून मी जुना सुती दोरा काढला. मुलीनं टोक धरलं आणि गुंडा नातवाकडे ढकलला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ह्यो सुती हाय," तो म्हणाला.

माती खाऊ नये हेही ज्याला अजून कळत नव्हतं, त्याला हे कळलं होतं, आणि ते ओसरीवरच्या माझ्याच खेळातून. त्याचं बघून शेजारच्या दोघांनी हात मागं घेतले. पोरगी टोक घट्ट धरून माझ्याकडे बघत होती. मी त्याला समजवायला हवं होतं. मी तिच्या हातातला दोरा काढून घेतला.

ती यायची थांबली. तिसऱ्या दिवशी मी वस्तीत गेले. आई कापूस वेचायला निघाली होती. पोर हुशार आहे, पाठवा, असं मी दोन-तीनदा म्हटलं. ती भांडली नाही. पोरीनं घरी सगळं सांगितलं होतं.

"कापूस आमीच येचतो, बाई," ती म्हणाली. "तुमच्या देवाच्या वाती त्याच्याच व्हतेत. तवा न्हाई इटाळत?"

कापसाची ओटी तिनं कमरेला बांधली.

"पाठवते मी लेकराला. फकस्त एवढं सांगा, उद्या दोरा कोन्ता आणनार?"

एक शब्द बोलायचा होता. ओसरी गेली तर बालवाडी कुठं भरवायची, मालकीणबाई काय म्हणतील, असलं सगळं माझ्या डोक्यात फिरत राहिलं आणि तो शब्द काही तोंडातून निघाला नाही. मग पोरीला कडेवर घेऊन ती शेताच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी मी आठवणीनं लोकर नेली.