शिबिरातल्या बाईचे दात

डेंटल हायजिनिस्ट म्हणजे नेमकं काय, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत समजलं नाही. ते रेल्वेत होते. वर्ध्याकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. माझ्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना द्यायच्या कागदावर त्यांनी 'मुलगी दातांच्या लाइनमध्ये आहे' असं लिहिलं होतं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? आम्ही डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. रीतसर शिकून, नोंदणी करून आम्ही लोकांच्या दातांवरचं कीटण काढतो, हिरड्या पाहतो, घासायचं कसं ते शिकवतो. गाल, जीभ, टाळू आतून तपासायचं आणि काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही आम्हाला शिकवलेलं असतं. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे एका बाईच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं, ते मला कळत नव्हतं म्हणून झालं नाही.

चौबे कॉलनीतल्या दवाखान्यात मी बरीच वर्षं आहे. एकदा एका पेशंटची बायको बाहेर बसली होती, तिच्या हातून चहा सांडला. मी मास्क लावून आतून येत होते. ती मला म्हणाली, "दीदी, ज़रा यहाँ पोंछा मार दो." मी डॉक्टरांकडे पाहिलं. वाटलं, ते काही बोलतील. ते हसले आणि म्हणाले, "हाँ हाँ, सफाई इन्हीं का डिपार्टमेंट है." सगळे हसले. मी फडकं आणून पुसलं. नाही पुसलं असतं तर कोणी मला फासावर दिलं नसतं, पण पुसलं, आणि त्याचा राग मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

त्याच आठवड्यात मी आमच्या संघटनेत गेले. तेव्हा ती कागदावरच होती. सरकारी दवाखान्यातल्या एक वडीलधाऱ्या ताई अध्यक्ष, आणि आम्ही मिळून जेमतेम डझनभर जणी. ताई स्वभावाने इतक्या गोड की त्यांच्याने कोणाला 'नाही' म्हणवत नसे. माझं अक्षर बरं आणि जीभ तिखट, म्हणून मला सचिव केलं. रविवारी सकाळी आम्ही कोणाच्या तरी घरी बसायचो, पोहे खायचो आणि आपापल्या डॉक्टरांच्या कागाळ्या करायचो. मला त्या कागाळ्यांचा कंटाळा यायचा. रडून काय होतं, काही करून दाखवा, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणायचे. डॉक्टरांच्या संघटना शिबिरं घेतात, त्यांचे फोटो पेपरात येतात, तर आपणही आपलं शिबिर घेऊ, ही कल्पना माझीच होती. शिबिराच्या आधीचा आणि नंतरचा दातांचा फोटो मोठा करून लावायचा, हीसुद्धा.

छत्तीसगढमध्ये बायका गुडाखू घासतात. तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा असतो तो, डबीत मिळतो. आपल्याकडे मिशरी लावतात तसंच, पण याची तलफ जास्त. दिवसातून चार-चार वेळा बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसतात. दात काळेभोर होतात. फोटोसाठी मला असेच दात हवे होते.

शहराच्या कडेला, तलावाकाठच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, सामुदायिक भवन मिळालं. देखरेखीला एक डॉक्टर हवेत असा नियम, म्हणून एक जण आले. त्यांनी नारळ फोडला, आमच्याबरोबर फोटो काढला, "कुछ लगे तो फोन करना" म्हणाले आणि गेले. ओळीने बायका बसल्या होत्या, पण मशीनचा आवाज ऐकून कोणी पुढे येईना. तेव्हा चाळिशीच्या आसपासची एक बाई उठली. उंच, हाडापेराने मजबूत, समोरच्या दाताचा एक कोपरा उडालेला. "मोला कर दे दीदी," माझे कर, म्हणाली आणि खुर्चीवर अशी बसली की जणू बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तिचे दात पाहून मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. इतके काळे दात माझ्या हाताखाली वर्षभरात आले नव्हते.

फोटोसाठी ओठ आणि गाल ओढून धरायला प्लास्टिकची एक कड असते. ती लावून आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीने 'आधी'चा फोटो काढला. ही भिलाईची. वडील प्लांटमध्ये, घरी मराठी, पण तिचं मराठी निम्मं हिंदीत. मग पाऊण तास मी मशीन चालवलं. पांढरे दात वर येत गेले तशा बाकीच्या बायका खुर्चीभोवती जमल्या. मला स्फुरण चढलं होतं. शेवटी पुन्हा कड लावली, आणि मुलगी मोबाइल डोळ्यासमोर धरून थांबली.

"ताई, इधर देखो न. गालात आतून पांढरं-पांढरं दिसून राहिलं."

"चुना लागला असन."

"चुन्यासारखं नाही वाटून राहिलं. बाजूले लाल पण आहे."

"अवं, तू दातावर धर कॅमेरा. गाल डॉक्टरचं काम आहे. उजेड जाऊन राहिला, मागे लाइन पाह्य किती आहे."

तिने फोटो काढला. मी गालात वाकून पाहिलं नाही. आरसा माझ्या हातात होता, दिवा कपाळावर होता. मान तीन बोटं वळवली असती तर दिसलं असतं. बाईला मी विचारलंही नाही की दुखतं का. विचारलं असतं तरी ती नाहीच म्हणाली असती, कारण सुरुवातीला ते दुखत नाही. म्हणून तर आम्हाला बघायला शिकवलेलं असतं.

त्या दिवशी आम्ही खूप दात साफ केले आणि वहीत सगळ्यांची नोंद केली. दातांवर कीटण किती, डाग किती, हिरड्यांतून रक्त येतं का, असे रकाने मी स्वतः आखले होते. पत्त्याचा रकाना आखला नव्हता.

तो फोटो आमच्या ग्रुपवर पडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. शिबिरानंतर सहा महिन्यांनी, उन्हाळ्यात, संघटनेचा वार्षिक मेळावा ठरला. डॉक्टरांना बोलावलं, दोन अधिकारी येणार होते. मी त्या फोटोचा सहा फुटी फ्लेक्स करून घेतला आणि सदर बाजारच्या गर्दीतून स्कूटरवर मागे बसून ती गुंडाळी आडवी-उभी सांभाळत आणली. डावीकडे 'पहले', उजवीकडे 'बाद में'. चेहरा नव्हता, फक्त ओढलेले ओठ आणि दात. मी तो व्यासपीठाच्या अगदी बाजूला लावून घेतला.

प्रमुख पाहुणे म्हणून तोंडाच्या शस्त्रक्रिया करणारे एक निवृत्त सर्जन आले होते. दीपप्रज्वलन व्हायच्या आधी ते फ्लेक्ससमोर उभे राहिले. मला वाटलं, कौतुक करताहेत, म्हणून मी हात पुसत जवळ गेले. त्यांनी चष्मा काढला, परत घातला आणि उजव्या चित्राच्या कडेवर बोट ठेवलं.

"यह औरत कहाँ है अभी?"

तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. सहा फुटी फ्लेक्सवर तो चट्टा माझ्या तळहाताएवढा झाला होता. मधे पांढरा, खरबरीत, कडेने लाल. अशा चट्ट्यांची चित्रं मी पुस्तकात पाहिली होती, परीक्षेत काढली होती. आठवडाभर तो फ्लेक्स माझ्या घरी होता, उलगडून दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा मी दातच पाहिले होते.

"सर, कैंप में तो बस सफाई थी," मी म्हणाले.

ज्या शब्दावरून मी संघटनेत आले होते, तोच शब्द मी पुढे करून त्याच्यामागे लपले. मागे भिलाईची मुलगी उभी होती. ती माझं नाव घेईल अशी भीती मला वाटली, आणि घेतलं नाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही किळस येते.

"ढूँढ़ो इसको," सर्जन म्हणाले, "आज ही."

मेळावा सोडून निघता आलं नाही, म्हणजे मी निघाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पाऱ्यात गेलो. वहीत नुसतं वय होतं आणि एक नाव, त्या नावाच्या तिथे गल्लीगल्लीत बायका. माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता, पण तो नुसत्या दातांचा. दारोदार जाऊन आम्ही दात दाखवत होतो आणि विचारत होतो, हे कोणाचे? बायका पदर तोंडावर घेऊन हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "मुँह त देखा, नोनी." तोंड दाखव म्हणे. तोंड कुठून दाखवणार? कैक बायकांचे दात मी शिबिराच्या दिवशी हातात धरले होते, आणि एकीचाही चेहरा मला नीट आठवत नव्हता. ऊन चढलं. मुलगी माझ्या दोन पावलं पुढे चालत होती.

दुपारी नळावरच्या एका बाईने मोबाइल हातात घेतला, दाताच्या उडालेल्या कोपऱ्यावर नख टेकवलं आणि म्हणाली, "ए तो तरिया तीर वाली के दाँत ए." तलावाजवळ राहणारीचे.

ती घरीच होती. ओळखता आली नसती इतकी उतरली होती. गालावर हळद लावलेली, गाल एका बाजूने सुजलेला. आम्हाला पाहून ती उठली, लेकीला पाणी आणायला सांगितलं, आणि तोंड उघडून दात दाखवायला लागली. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. दात पांढरे होते.

गुडाखू तिने त्या दिवसापासून सोडला होता. इतके छान दात परत काळे कशाला करायचे, असं तिला वाटलं होतं. मी विचारलं, गाल कधीपासून असा आहे? आधी गाठ आली, मग जखम, मग तिखट सोसेनासं झालं, मग भाकरी चावता येईना. मोठ्या दवाखान्यात का नाही गेलात? मी जरा चिडूनच विचारलं. माझी ती सवयच आहे, घाबरले की चिडते.

उत्तर लेकीने दिलं, हिंदीत. "हम तो कब से बोल रहे थे, दीदी. माँ ही नहीं मानी. बोली, दाँत वाली दीदी ने लाइट लगाके पूरा मुँह देखा है, कुछ होता तो बताती नहीं क्या?"

बाई मान हलवून हसली. "हव," म्हणाली, "तुमन तो कहे रहेव, सब बने हे."

सगळं छान आहे, असं मी तिला म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण म्हणाले असणार. खुर्चीवरून उठणाऱ्या प्रत्येकाला मी तेच म्हणते. भिलाईची मुलगी दारातून बाहेर गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी बाईच्या गालावरची हळद ओल्या कापसाने पुसत बसले, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

सर्जनांना फोन केला. त्यांनी ओळखीने दाखल करून घेतलं. गालाचा तुकडा तपासायला गेला, पण तपासायचं काही उरलं नव्हतं. अर्धा जबडा काढला, त्याच्याबरोबर माझे पांढरे केलेले दातही गेले. मी आठवड्यातून दोनदा जायचे. दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं. आम्हाला तेव्हाच दिसलं होतं, एका मुलीने मला दाखवलं होतं, आणि मी तिला गप्प केलं, एवढंच सांगायचं होतं. बाई नळीतून दूध घ्यायची आणि हाताने मला खुणावायची की बस. मी बसायचे, आणि न सांगता परत यायचे.

मुलीने संघटना सोडली. ग्रुपमधून बाहेर पडताना एक ओळही लिहिली नाही. मी तिला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही बैठकीत सांगा न. बस, मले अजून काही नाही पाहिजे." मी म्हटलं, सांगते. पुढच्या बैठकीत अध्यक्ष ताईंनी अहवालाचा मसुदा वाचायला दिला. त्यात होतं, शिबिरानंतर सातत्याने पाठपुरावा करून संघटनेने एका महिलेचा कर्करोग शोधून काढला. सगळ्या जणी माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी मसुदा शेवटपर्यंत वाचला आणि खाली सचिव म्हणून सही केली. त्या अहवालाचा उपयोग झाला, हेही सांगायला हवं. दोन दवाखान्यांनी आमच्या बायकांच्या नावाच्या पाट्या लावल्या.

बाई पावसाळा संपायच्या आत गेली. दिवस झाल्यावर तिची लेक विचारत विचारत चौबे कॉलनीत आली. दवाखाना पेशंटनी भरलेला होता. सगळ्यांसमोर ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाली, "दीदी, आप ढूँढ़ते हुए घर तक आईं. इतना कौन करता है?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ती पायाशी होती, आणि सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. मी तिला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "अरे, यह तो हमारा काम है."